टॉवेल कोणी टाकायचा?

डॅनियल डुब्वा हा लंडनचा हेवीवेट बॉक्सर २८ नोव्हेंबर २०२० च्या रात्री, दहाव्या फेरीत, एका गुडघ्यावर बसला आणि पंचांचे दहा आकडे मोजून होईपर्यंत उठला नाही. समोरच्या बॉक्सरचं नाव जो जॉइस. करोनामुळे वेस्टमिन्स्टरच्या चर्च हाउसमध्ये प्रेक्षक नव्हते, म्हणून त्या रात्री शिव्या ऐकू आल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून मात्र त्या थांबेनात. तेवीस वर्षांचा, तोवर एकही लढत न हरलेला मुलगा. डावा डोळा सुजून बंद झालेला, खोबणीचं हाड मोडलेलं. तरी त्याने मैदान सोडलं, एवढंच लोकांना दिसलं. जुन्याजाणत्या बॉक्सरांनीही त्याला सुनावलं.

पुढच्या वर्षी, १ ऑगस्ट २०२१ ला, टोकियो ऑलिंपिकच्या उपांत्यपूर्व फेरीत आपला सतीश कुमार रिंगमध्ये उतरला. आधीच्या लढतीत झालेल्या जखमांमुळे चेहऱ्यावर १३ टाके होते. प्रतिस्पर्धी उझबेकिस्तानचा बखोदीर जालोलोव, त्या वेळचा जगज्जेता. तिसऱ्या फेरीत जखम पुन्हा उघडली, रक्त यायला लागलं, आणि सतीश ०-५ असा हरला. देशानं त्याला डोक्यावर घेतलं. आमच्या साताऱ्याच्या नातेवाइकांनी दिवसभर त्याचे फोटो एकमेकांना पाठवले. बुलंदशहरचा हा लष्करी जवान त्या दिवशी प्रत्येक घरातला झाला होता, आणि त्याच्या धैर्यापुढे माझीही मान झुकते.

पण नंतर सतीशनंच सांगितलं, की बायको त्याला खेळू नको म्हणत होती. वडिलांनाही त्याला तसं लढताना बघवत नव्हतं. वैद्यकीय तपासणीत परवानगी मिळाली होती आणि त्याला स्वतःला खेळायचं होतं, म्हणून तो उतरला. आपण त्याच्या जिद्दीबद्दल भरभरून बोललो. त्या दोघांच्या म्हणण्याबद्दल कुणी दोन वाक्यंसुद्धा बोलल्याचं मला आठवत नाही.

मी इतकी वर्षं लंडनमध्ये राहते, माझी मुलगी इथल्या एका क्लबात हौशी बॉक्सिंग करते, आणि दर ऑलिंपिकनंतर घरची चर्चा लांबून ऐकते. एक बाजू म्हणते, आपल्या पोरांत जिद्द कमी पडते. दुसरी म्हणते, जिद्द आहे, सोयी नाहीत. दोन्हींत तथ्य आहे. पण लढणाऱ्याला थांबवण्याचा हक्क कोणाचा आणि तो वापरणाऱ्याला आपण कसं वागवतो, हा प्रश्न दोन्ही बाजूंना सुचतच नाही. मला हा प्रश्न सगळ्यांत मोठा वाटतो.

मी हे इतक्या ठामपणे म्हणते, त्यामागे १ ऑक्टोबर १९७५ ची, मनिलाजवळच्या क्वेझॉन सिटीतली लढत आहे. मोहम्मद अली विरुद्ध जो फ्रेझर. चौदा फेऱ्या झाल्या, एक उरली होती. फ्रेझरचा डावा डोळा मुळातच अधू होता आणि आता उजवाही सुजून मिटलेला. अलीचे ठोसे त्याला येताना दिसत नव्हते. त्याचा प्रशिक्षक एडी फच यानं लढत थांबवली. फ्रेझर नको नको म्हणत होता. एका फेरीवर जगज्जेतेपद होतं, आणि अलीही पार थकला होता. रिंगमधले मृत्यू पाहिलेल्या फचनं हे सगळं बाजूला ठेवलं. ही लढत जिंकणाऱ्या अलीच्या धैर्याबद्दल हजारो पानं लिहिली गेली आहेत. माझ्या लेखी त्या दिवशीचा सगळ्यांत धीराचा माणूस कोपऱ्यातला तो प्रशिक्षक होता.

कारण बॉक्सरला आपण होऊन थांबता येत नाही, येऊही नये. त्याला वर्षानुवर्षं शिकवलं जातं ते हेच, की दुखलं तरी हात वर, पाय हलते. ती शिकवण आठव्या फेरीत अचानक कशी विसरायची? शिवाय डोक्याला मार बसलेल्या माणसाला आपल्याला किती लागलंय याचा अंदाज सगळ्यांत शेवटी येतो. तग धरणं हे त्याचं काम. थांबवणं हे शेजारी उभ्या असलेल्या शुद्धीवरच्या माणसाचं.

आणि त्या माणसाला त्याची किंमत मोजावी लागते. फेब्रुवारी २०२० मध्ये टायसन फ्युरीनं डिऑन्टे वाइल्डरला सातव्या फेरीपर्यंत इतकं मारलं, की वाइल्डरच्या कोपऱ्यातून त्याच्या प्रशिक्षकांपैकी एक, मार्क ब्रेलंड यानं टॉवेल टाकला, म्हणजे ‘लढत थांबवा’ अशी खूण केली. ब्रेलंड स्वतः ऑलिंपिक सुवर्णविजेता. वाइल्डरनं पुढे त्यालाच आपल्या संघातून काढलं. अलीचे डॉक्टर फर्डी पचेको यांनी १९७७ मध्ये त्याच्या शरीराची झीज पाहून थांबण्याचा सल्ला दिला, कुणी ऐकलं नाही आणि ते निघून गेले. अली पुढे १९८० मध्ये लॅरी होम्सकडून दहा फेऱ्या मार खात राहिला, मग त्याचा प्रशिक्षक अँजेलो डंडी यानं लढत थांबवली. त्यानंतरही १९८१ च्या डिसेंबरात तो बहामामध्ये ट्रेव्हर बर्बिकशी लढला. १९८४ मध्ये पार्किन्सनचं निदान झालं. एक लढत थांबवणारा माणूस अलीला मिळाला, कारकीर्द थांबवू शकणारा मिळाला नाही.

थांबणं नेहमीच शहाणपणाचं असतं, असं मात्र मी म्हणणार नाही. १९८० च्या नोव्हेंबरात न्यू ऑर्लीन्समध्ये रॉबर्टो डुरान शुगर रे लेनर्डसमोर आठव्या फेरीत पाठ फिरवून उभा राहिला. त्याला धड लागलंही नव्हतं. लेनर्ड नाचवत होता, याचा वैताग आला होता. त्याचं समर्थन मला करता येत नाही. पण १९८३ मध्ये, आपल्या बत्तिसाव्या वाढदिवशी, तो न्यू यॉर्कमध्ये पुन्हा जगज्जेता झाला. एका रात्रीवरून माणसाचा निकाल लावू नये, हे त्याच्याबाबतीतही खरं ठरलं.

लंडनमध्ये राहते म्हणून इथली व्यवस्था थोर आहे, असं कुणी समजू नये. इथे जे नियम आहेत ते कुणाच्या तरी आयुष्याची किंमत देऊन आलेत. २१ सप्टेंबर १९९१ ला टॉटनहॅमच्या व्हाइट हार्ट लेनवर मायकल वॉटसन ख्रिस युबँकशी लढत होता. अकराव्या फेरीत त्यानं युबँकला खाली पाडलं. तो जिंकत होता! त्या क्षणी कोणत्या प्रशिक्षकानं टॉवेल टाकला असता? लगेच उठलेल्या युबँकचा ठोसा बसला, वॉटसनचं डोकं दोरावर आपटलं आणि बाराव्या फेरीत पंचांनी लढत थांबवली. तो कोसळला तेव्हा रिंगजवळ तातडीच्या उपचारांची नीट सोय नव्हती, आणि ज्या रुग्णालयात त्याला आधी नेलं तिथे मेंदूची शस्त्रक्रिया होत नव्हती. तो ४० दिवस बेशुद्ध होता. पुढे त्यानं ब्रिटिश बॉक्सिंग मंडळावर खटला भरला आणि १९९९ मध्ये जिंकला. अपिलातही निकाल टिकला आणि मंडळाला ४ लाख पौंड द्यावे लागले. रिंगजवळच्या वैद्यकीय व्यवस्थेकडे मंडळ गांभीर्यानं बघू लागलं, त्यात या खटल्याचा मोठा वाटा आहे. माणसांचा चांगुलपणा तिथे पुरला नव्हता, कायदा लागला. २००३ मध्ये वॉटसननं सहा दिवस चालत लंडन मॅरेथॉन पूर्ण केली, तेव्हा शेवटच्या टप्प्यात युबँक त्याच्यासोबत होता.

त्या लढतीनंतर बरोबर ३३ वर्षांनी, २१ सप्टेंबर २०२४ ला, वेंब्लीवर डुब्वानं अँथनी जोशुआला पाचव्या फेरीत गारद केलं. २०२० च्या त्या रात्री डुब्वा गुडघ्यावर बसला नसता, तर कदाचित त्याचा डावा डोळाच उरला नसता.

माझ्या मुलीची एक लढत तिच्या प्रशिक्षकानं दुसऱ्या फेरीत थांबवली. ती घरी येईपर्यंत रडत होती. सासरे लहानपणी सांगलीकडच्या तालमीत घुमलेले. फोनवर त्यांना मी भीतभीतच सांगितलं. ते म्हणाले, “अगं, मैदानात निकाल लागेना की पंच कुस्ती सोडवायचे आणि पैलवान एकमेकांना मिठी मारून निघायचे. लाजायचं काय त्यात?” मग मुलीशी बराच वेळ बोलले, आपल्या वस्तादांनी त्यांना आखाड्यातून कसं बाहेर काढलं होतं ते सांगत. म्हणजे हे शहाणपण आपल्याकडे परदेशातून आणायची गरज नाही. १६६५ मध्ये पुरंदरला २३ किल्ले देणाऱ्या महाराजांना महाराष्ट्रात कुणी पळपुटा म्हणत नाही. त्या तहानंतर पाच वर्षांत काय झालं, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं.

तरी घरोघरच्या गोष्टींत हे शहाणपण आपण विसरतो. माझा भाचा पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत वर्षांमागून वर्षं यूपीएससीसाठी बसतो. खुल्या गटाला ६ प्रयत्न आणि ३२ वर्षांची मर्यादा आहे. त्याच्यासाठी टॉवेल आयोगानंच शिवून ठेवलाय. मेरी कोमसमोरही वयाच्या ४० व्या वर्षी वयोमर्यादेचा नियमच आडवा आला. खेळण्याची भूक अजून आहे, असं तिनं सांगितलं होतं. नियम कठोर असतो, पण त्याचा एक उपकार आहे: थांबायचा निर्णय आपण घेतला, ही टोचणी तो माणसाच्या अंगावर टाकत नाही. भाच्याच्या घरी मात्र ‘आता दुसरं काही बघ’ म्हणणारा माणूस शत्रू ठरतो. ‘अजून एकदा’ म्हणणारा प्रेमळ. माझ्या ताईला मी हे सांगितलं आहे आणि तिला ते आवडलेलं नाही.

महाराष्ट्रातल्या जिल्हा आणि राज्य स्पर्धांच्या आयोजकांकडे माझं मागणं साधं आहे. लढत थांबवण्याचा अंतिम अधिकार असलेल्या डॉक्टरचं नाव पहिल्या घंटेआधी माइकवरून जाहीर करा. ज्या प्रशिक्षकानं आपल्या खेळाडूला वेळेत बाहेर काढलं, त्याला बक्षीस समारंभात मंचावर बोलवा. आणि क्रीडा पानं लिहिणाऱ्यांनी पुढच्या रक्ताळलेल्या फोटोखाली बॉक्सरच्या नावासोबत त्याच्या कोपऱ्यात कोण उभं होतं, हेही छापावं.