मामा, मेट्रो आणि अठरा परस

पुण्यात काही वर्षं नोकरी करून कोल्हापूरला परत आलं की पावण्यारावळ्यात आपण आपोआप पुणेतज्ज्ञ होतो, कुणीही तिकडं निघालं की आधी आपल्या दारात. ह्यावेळी मामा. त्यांची एका प्लॉटची केस पुण्याच्या कोर्टात चालू आहे. आता कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच आलं, ऑगस्ट २०२५ पासून कामकाज पण सुरू झालं, केवढी वर्षं आंदोलन केलं लोकांनी त्याच्यासाठी, पण मामांची केस खालच्या कोर्टात आणि प्लॉट पुण्यात, त्यामुळं त्यांना जल्लोष करूनही एसटी चुकली नाही. मी म्हटलं मामा, रिक्षाच्या नादाला लागू नका, स्वारगेटला उतरला की स्टँडला लागूनच मेट्रो आहे, जमिनीखालनं जाते, मंडई, कसबा पेठ आणि तिसरं स्टेशन थेट कोर्टाचं.

"जमिनीखालनं? म्हंजे आपल्या परीख पुलागत?"

झालं. आमच्याकडं रुळाखालनं जायची सगळ्यांना माहीत असलेली वाट म्हणजे परीख पूल, वरनं रेल्वे खालनं आपण, आणि एक दणकून पाऊस झाला की खालनं फक्त पाणी. त्यामुळं मामांचा पहिला प्रश्न पाण्याचा. मी नको तेवढ्या उत्साहात सांगितलं की मामा, पाण्याचं काय घेऊन बसलाय, तो बोगदा मुठा नदीच्याच खालनं गेलाय.

मामांनी मिसळीचा घास खाली ठेवला. ज्या माणसानं २०१९ आणि २०२१ चा महापूर बघितलाय, जो पावसाळ्यात देवाचं नाव घ्यायच्या आधी राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतो (इशारा ३९ फूट, धोका ४३, हे आमच्यात पाढ्याच्या आधी शिकवतात) त्याला नदीखालनं रेल्वे जाते हे सांगणं म्हणजे... "तिथली धोका पातळी किती?" मामांनी विचारलं. मी म्हटलं मामा, नदीच्या तळाच्याही खाली आहे ते, पातळीचा संबंधच नाही. "संबंध कसा न्हाई? पाणी वर हाय का न्हाई?"

विषय बदलायला मी कोर्टाच्या स्टेशनची रचना सांगायला घेतली आणि तिथंच खरा घाम निघाला. तिथं दोन लाईन एकमेकीला छेदतात, पिंपरीकडनं स्वारगेटला जाणारी जमिनीखाली आणि वनाजहून रामवाडीला जाणारी रस्त्याच्या वर पुलावर. कोल्हापुरात पत्ता सांगायचा म्हणजे हात लांब करायचा, हितनं सरळ जावा, तालीम लागंल, तिथं कुणालाबी विचारा. डावं आहे, उजवं आहे, खालीवर ही दिशाच आमच्यात नाही. शेवटी हॉटेलातल्या टेबलावर मांडलं. टेबल म्हणजे रस्ता, पावाच्या बशा एकावर एक रचून वरची लाईन, आणि खालची लाईन दाखवायला मी टेबलाखाली वाकलो तर पोऱ्या धावत आला, "काय पडलं का दादा?"

"किती खोल हाय म्हणायचं?" मामा.

३३.१ मीटर, देशातल्या सगळ्यात खोल मेट्रो स्टेशनांपैकी एक, १ ऑगस्ट २०२३ ला सुरू झालं, आणि छत असं केलंय की ऊन पार तळापर्यंत येतं, असं मी एका दमात सांगितलं. मामांना मीटर कळत नाही. त्यांनी आधी फुटात करून घेतलं, मग विहिरीची खोली मोजतात त्या परसात. सहा फुटाचा एक धरला तर अठरा परस. बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "अठरा परस खणलं आणि पाणी सोडून गाडी लागली?"

खरं सांगायचं तर चूक मामांची नाही. आमच्या रेल्वेनं आम्हाला लाडावून ठेवलंय. १८८८ साली शाहू महाराजांच्या हस्ते कामाची सुरुवात झाली, तेव्हा महाराज स्वतःच पोरवयात होते, १८९१ ला मिरज-कोल्हापूर गाडी सुरू झाली आणि तेव्हापासून रूळ इथंच संपतो. झोप लागली तरी स्टेशन पुढं जात नाही, कुठल्या लाईनवर जायचं हा प्रश्न नाही, इंटरचेंज कशाशी खातात ते नाही.

तर मामा गेले. साडेदहाला फोन. "लेका, वर आलो रं." मी म्हटलं शाबास, आता कोर्टाचं गेट विचारा. "कोर्ट दिसतंय की. पण खाली दिसतंय." सरकत्या जिन्यांची मजा वाटली म्हणून मामा एकामागनं एक चढत राहिले, रस्ता कधी मागं पडला कळलंच नाही, आणि आता पुलावरच्या प्लॅटफॉर्मवर उभे होते. मी सांगतोय मामा थांबा, हलू नका, तेवढ्यात मागनं घोषणा आणि मामांचा आवाज, "गाडी आलीया, थंडगार हाय, बसतो जरा."

मामा वनाजपर्यंत जाऊन आले. कोर्टात वकिलानं तोवर पुढची तारीख घेतली होती, ती तशीही मिळणारच होती. काल मामीचा फोन आला. तिला कोर्टाशी काही देणंघेणं नाही, तिला मंडईला उतरायचंय, आणि मामा तिला म्हणालेत की भाच्याला विचार, तो टेबलाखाली वाकून झकास दाखवतो.