रायफल टेबलावर असते, मग माणसाचं काय काम?

दिवाळीपासून आमच्या तालुक्यातल्या पोरांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर फिरतो आहे. थोडक्यात तो असा: "बेंचरेस्टमध्ये रायफल टेबलावर टेकवलेली असते, म्हणून नेमबाजाचं कौशल्य लागत नाही. सगळा खेळ सामानाचा. नळी जितकी लांब तितका नेम पक्का, गोळी जितकी वेगवान तितकी सरळ. स्कोप, म्हणजे नेमाची दुर्बीण, मोठा घ्या. तीन गोळ्या एका भोकातून गेल्या की रायफल पास. आणि विदर्भाच्या उन्हात हा खेळ होतच नाही."

यवतमाळ जिल्ह्यात, बंद पडलेल्या एका जिनिंगच्या शेडमागे मी एअर रायफलची २५ मीटरची रेंज चालवतो. स्वप्नील कुसाळेनं २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकात नेमबाजीचं कांस्यपदक घेतलं, तेव्हापासून आसपासच्या खेड्यांतली पोरं येऊ लागली. मध्यंतरी एक शेतकरी पोराला घेऊन आले, मोबाइलवर हाच मजकूर दाखवला आणि म्हणाले, "भाऊ, सोयाबीन इकून याले लांब नळीची रायफल घेऊन देतो. तेवढ्यानं होते ना?" नाही होत. सोयाबीन विकायच्या आधी हे त्यांना कळायला हवं, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी खेळ काय आहे ते. रायफलचा पुढचा भाग रेस्टवर, म्हणजे टेकूवर, आणि मागचा भाग वाळूच्या पिशवीवर टेकवून, बसून मारायचं. जागतिक पातळीवर पॉइंट २२ ची (०.२२ इंच जाडीच्या गोळीची) रायफल ५० मीटरवर चालते, एअर रायफल २५ मीटरवर. कार्डावर २५ लहान लक्ष्यं, प्रत्येकावर मोजणीची एकच गोळी, कमाल गुण २५०. मोठ्या काडतुसांच्या प्रकारात १०० आणि २०० यार्डांवर पाच-पाच गोळ्यांचे ग्रुप घेतात, म्हणजे एकाच लक्ष्यावर पाच गोळ्या मारतात, आणि त्यातल्या सर्वांत लांबच्या दोन भोकांमधलं अंतर मोजतात.

"टेबलावर असते म्हणून कौशल्य लागत नाही." टेबल हाताची थरथर काढून घेतं, एवढंच. ती गेली की उरलेल्या सगळ्या चुका कागदावर उघड्या पडतात, आणि त्यातली सर्वांत मोठी चूक वाऱ्याची. पॉइंट २२ चा हिशेब सांगतो, कारण त्यावर हे नीट समजतं. ताशी १६ किलोमीटरच्या आडव्या वाऱ्यात तिची गोळी ५० मीटरवर जवळपास इंचभर सरकते. आमच्या २५ मीटरवरचा छर्रा तर फार हलका. तुरीची पानं सळसळतील एवढ्या वाऱ्यातही तो सेंटिमीटरभर सहज जातो, म्हणजे स्वतःच्या रुंदीच्या दुपटीहून जास्त. हा वारा टेबल थांबवत नाही आणि स्कोपही सांगत नाही. तो नेमबाजानंच वाचायचा असतो.

म्हणून बेंच आणि लक्ष्य यांच्या मध्ये वाऱ्याची निशाणं लावतात. आमची निशाणं म्हणजे तुऱ्हाटीला बांधलेल्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या. चार लावतो, आणि पोरांना पहिल्याच दिवशी सांगतो की लक्ष्याजवळच्या चिंधीपेक्षा आपल्या जवळची जास्त महत्त्वाची. पोरांना हे उलटं वाटतं. पण नळीतून निघताच गोळीला बाजूचा धक्का बसला, तर ती तो धक्का घेऊन उरलेलं सगळं अंतर जाते. लक्ष्याजवळच्या वाऱ्याला तेवढा वाव मिळत नाही. आणखी एक गोष्ट पोरांना चकित करते. उजव्या पिळाच्या, म्हणजे गोळीला उजवीकडे फिरवत सोडणाऱ्या, नळीतून सुटलेल्या गोळीला उजवीकडचा वारा डावीकडे आणि थोडा वर ढकलतो, डावीकडचा वारा उजवीकडे आणि थोडा खाली. वारा सारखा बाजू बदलत असेल तर कागदावरचा ग्रुप तिरपा पडतो. तो तिरपा ग्रुप बघून पोरं रायफलला दोष देतात.

खळ्यावर उपणायला उभा राहिलेला माणूस काय करतो ते आठवा. झुळूक आली की सूप हलवतो, वारा पडला की हात थांबवतो, वारा फिरला की स्वतः फिरतो. बेंचवरही तेच करायचं. एक वारा आपला मानायचा, त्याच वाऱ्यात प्रत्येक गोळी सोडायची, बाकी वेळ बोट ट्रिगरपासून लांब ठेवायचं. २५ गोळ्यांना २० मिनिटं असतात. त्यातली कितीतरी मिनिटं नुसतं बघत बसण्यात जातात आणि तीच कामाची असतात.

हाताचं कामही संपलेलं नसतं. रायफल दर वेळी पिशवीवर त्याच जागी यायला हवी, गाल आणि खांदा तितक्याच दाबानं लागायला हवा. आमच्याकडे बहुतेक पोरांच्या रायफली स्प्रिंगच्या आहेत. त्यांत छर्रा नळीबाहेर पडायच्या आधीच पिस्टनचा झटका बसतो, म्हणून टेकवायची जागा दोन बोटं पुढेमागे झाली तरी छर्रा दुसरीकडे लागतो. रायफल थोडी कलली तर काय होतं, तेही पाहा. पॉइंट २२ ची गोळी ५० मीटरपर्यंत सुमारे साडेबारा सेंटिमीटर खाली येते आणि तेवढा उंचावा नळीला दिलेला असतो. रायफल नुसती दोन अंश कलंडली तर तो उंचावा बाजूला वळतो आणि गोळी चार मिलिमीटर आडवी जाते. दोन अंश डोळ्याला दिसतही नाहीत.

"नळी जितकी लांब तितका नेम पक्का." हे जुन्या उघड्या माशीच्या रायफलींवरून आलेलं असावं. तिथे पुढच्या आणि मागच्या माशीत अंतर जास्त असलं की नेम धरायला सोपं जातं. स्कोप लावला की तो फायदा संपतो. उरते ती नळीची थरथर. कुऱ्हाडीचा दांडा आणि बैल हाकायची लांब तुतारी हातात घेऊन झटका द्या, कोणाचं टोक जास्त हलतं ते दिसेल. जाडी तीच ठेवून २० इंचांची नळी २६ इंचांची केली, तर टोकाशी तेवढ्याच जोरानं ती दुपटीहून जास्त वाकते. जाडी पाचव्या हिश्शानं वाढवली तर ताठपणा दुप्पट होतो. म्हणूनच मोठ्या काडतुसांच्या बेंचरेस्ट रायफलींच्या नळ्या सहसा आखूड आणि जाड असतात.

"गोळी जितकी वेगवान तितकी सरळ." या एका वाक्यानं सर्वांत जास्त नुकसान केलंय. वारा गोळीला किती सरकवतो, हे ती हवेत किती वेळ होती यावर ठरत नाही. हवेच्या अडथळ्यानं तिला किती उशीर झाला, यावर ठरतं. पॉइंट २२ ची स्पर्धेची गोळी सेकंदाला सुमारे ३२५ मीटर वेगानं निघते, आवाजापेक्षा थोडी हळू. हाय व्हेलॉसिटीची गोळी ३८० च्या आसपास निघते. पण आवाजाच्या वेगाजवळ हवेचा अडथळा एकदम वाढतो, तिला जास्त उशीर होतो आणि ती वाऱ्यात जास्त सरकते. म्हणून जगभर ५० मीटरचे नेमबाज हळू गोळी वापरतात.

वेगापेक्षा वेगाचा सारखेपणा मोठा. साडेबारा सेंटिमीटर खाली येणाऱ्या गोळीचा वेग शंभरात एक इतका कमी झाला, तर ती अडीच मिलिमीटर आणखी खाली लागते. दोन गोळ्यांत एवढा फरक पडला की दहा गुणांच्या जागी नऊ. म्हणून जाणते नेमबाज एकाच लॉटच्या, म्हणजे कारखान्यात एकाच खेपेला बनलेल्या, गोळ्या घेतात, आधी वेगवेगळे लॉट स्वतःच्या रायफलीतून मारून बघतात. आम्ही छर्रे तराजूवर तोलून, काठ दबलेले बाजूला काढून वापरतो. त्यासाठी एक संध्याकाळ आणि थोडी चिकाटी लागते. गेल्या वर्षी एका पोरानं वेग वाढवायचा सल्ला मानून शहरातल्या एका दुकानातून रायफलची स्प्रिंग कडक करून आणली. झटका वाढला, ग्रुप दुप्पट पसरला. त्याला जुनी स्प्रिंग परत बसवावी लागली आणि दोन महिन्यांचा सराव वाया गेला. मला त्याचं फार वाईट वाटलं, कारण पोरगं मेहनती होतं.

"तीन गोळ्या एका भोकातून गेल्या की रायफल पास." तीन गोळ्यांत नशीब फार असतं. सलग दहा वेळा तीन-तीन मारा, एखादा ग्रुप सुंदर येईलच, आणि फोटो त्याचाच निघतो. स्पर्धेत पाच गोळ्यांचे पाच ग्रुप घेऊन सरासरी काढतात ती याचसाठी. मी पोरांना एकही कागद फाडू देत नाही. वाईट कागदावर तारीख आणि वारा लिहून ठेवायचा.

स्कोपबद्दल थोडंच. मोठं दाखवणारा स्कोप लागतो, हे खरं आहे. पण एअर रायफलवर तो २५ मीटरला स्पष्ट आणि पॅरलॅक्स (डोळा हलला की नेम सरकल्यासारखा दिसणं) न ठेवणारा हवा. हे जमत नसेल तर डोळा जरा हलला की नेम हलतो, मग किंमत कितीही असो.

राहिलं ऊन. मजकुरातलं हे एकच वाक्य अनुभवातून आलेलं वाटतं. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो, जमिनीतून झळा उठतात आणि लक्ष्याची प्रतिमा झळा वाहतील त्या बाजूला सरकलेली दिसते. स्कोप जितका मोठा करावा तितक्या झळाही मोठ्या दिसतात. दुपारी मारण्यात अर्थ नसतो. पण झळाही वारा दाखवतात. त्या कोणत्या बाजूला वाहतात ते बघून, जिथे चिंधी लावलेली नाही तिथला वारा कळतो. सरळ वर उठत असतील तर वारा पडलेला असतो, किंवा आपल्या समोरून नाहीतर पाठीमागून येत असतो.

उन्हाळ्यात आम्ही साडेपाचला फाटक उघडतो आणि आठला बंद करतो. त्या शेतकऱ्यांचा पोरगा आता रेंजच्याच रायफलीवर सराव करतो. पहिला आठवडा त्याला गोळी मारू दिली नाही. वही देऊन बेंचमागे बसवलं आणि चारही चिंध्या दर मिनिटाला कशा हलतात ते लिहायला लावलं. त्याची सहा पानं भरली आहेत.