इंदूरला चेर्नोबिल होणार नाही

परवा रात्री इंदूरहून मावशीचा फोन आला. मावसभावाला तिथल्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात संशोधनाची संधी मिळाली आहे, आणि 'त्याला जाऊ देऊ नकोस' म्हणत ती रडत होती. कारण व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा मेसेज: 'इंडस-२ ही छुपी अणुभट्टी आहे, फुटली तर इंदूरचं चेर्नोबिल होईल. तिच्या अंड्युलेटरचं रेडिएशन शहरभर पसरून कॅन्सर होतो. सामान्य माणसाला उपयोग शून्य.'

इंडस-२ हा त्याच केंद्रातला सिंक्रोट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉन वर्तुळाकार नळीत फिरवून त्यांच्यापासून प्रकाश आणि क्ष-किरण मिळवणारं यंत्र. आधी ते फुटण्याचं. केंद्राने आकडे स्वतःच जाहीर केले आहेत: परीघ १७२.५ मीटर, इलेक्ट्रॉनची ऊर्जा २.५ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट, प्रवाह २०० मिलिअँपिअर. गणित करा. फिरणारे इलेक्ट्रॉन सुमारे ७२ हजार कोटी निघतात आणि त्या सगळ्यांची मिळून ऊर्जा भरते जेमतेम २९० ज्यूल. दहा किलो गव्हाचं पोतं तीन मीटरवरून पडलं तर तेवढीच! युरेनियम नाही, साखळी प्रक्रिया नाही. वीज गेली की इलेक्ट्रॉन नळीच्या भिंतीत विरतात आणि प्रकाश त्याच क्षणी थांबतो. चेर्नोबिलचं नाव घेऊन एका आईला रडवणं हा दुष्टपणा आहे.

सगळा घोळ 'रेडिएशन' या शब्दाने केला. मराठीत प्रारण वेगळं, किरणोत्सार वेगळा: प्रारण म्हणजे प्रकाशासारखी बाहेर पडणारी ऊर्जा, किरणोत्सार म्हणजे अस्थिर अणूंमधून आपोआप निघणारे किरण. अंड्युलेटर म्हणजे उत्तर-दक्षिण, उत्तर-दक्षिण अशा आलटून पालटून बसवलेल्या चुंबकांच्या दोन रांगा. त्यांच्यामधून जाताना इलेक्ट्रॉन नागमोडी डोलतो आणि समोरच्या दिशेने प्रारण सोडतो. चुंबकांची काही सेंटिमीटरची लाट इलेक्ट्रॉनच्या जवळजवळ प्रकाशाइतक्या वेगामुळे नॅनोमीटरइतकी (मीटरच्या अब्जाव्या भागाइतकी) आक्रसते, म्हणून क्ष-किरण मिळतात. तीस मीटर पुढे गेला तरी हा झोत काही मिलिमीटरच फाकतो. तो शहरभर कुठून पसरणार?

एवढं मात्र खरं, की त्या झोतात उभं राहिलं तर इजा होईल. इलेक्ट्रॉन भिंतीवर आदळतानाही घातक किरण निघतात. म्हणूनच काँक्रीटच्या जाड भिंती आहेत, आणि प्रयोगाच्या खोलीचं दार उघडं असेल तर झोत आत सोडताच येत नाही.

उपयोगाबद्दल थोडक्यात. पेशीतला प्रथिनं बनवणारा राइबोसोम कसा दिसतो, हे सिंक्रोट्रॉनच्या क्ष-किरणांनीच उलगडलं. त्यासाठी २००९ चं नोबेल वेंकी रामकृष्णन, थॉमस स्टाइट्झ आणि अदा योनाथ यांना मिळालं. कित्येक प्रतिजैविकं जंतूंच्या राइबोसोमलाच चिकटून त्याचं काम अडवतात. २०२० मध्ये इंग्लंडच्या डायमंड केंद्रात करोना विषाणूच्या एका महत्त्वाच्या प्रथिनावर कोणते रेणू बसतात, ते अंड्युलेटरच्याच झोतात तपासलं गेलं.

हे सगळं ऐकून मावशीने एकच विचारलं, "दार उघडं असलं तर खरंच सुरू होत नाही ना?"

नाही होत, मावशी.