लाकडासारख्या दिसणाऱ्या प्लास्टिकच्या खिडक्या: एका फॉरवर्डला उत्तर

घराचं काम काढलं की हा मजकूर फोनवर कुठून ना कुठून येऊन पडतोच: "लाकडी खिडक्यांच्या नादी लागू नका. लाकूड कुजतं, फुगतं, त्याला वाळवी लागते, सारखं पॉलिश करावं लागतं. त्यापेक्षा लाकडी फिनिशची यूपीव्हीसी बसवा. दिसायला हुबेहूब लाकूड, देखभाल शून्य, उष्णता आणि आवाज बाहेर, झाडं वाचतात आणि आयुष्यभराची हमी."

एका दमात इतके दावे केले की त्यातला एखादा खरा निघतोच. इथे तर बरेचसे अर्धे खरे आहेत. अडचण अशी की ते साध्या पांढऱ्या यूपीव्हीसीच्या, म्हणजे कडक पीव्हीसी प्लास्टिकच्या बाबतीत खरे आहेत. त्याच खिडकीवर लाकडाचा मुलामा चढवला की हिशेब बदलतो, आणि मजकूर विकतोय तो नेमका हा मुलामा.

"दिसायला हुबेहूब लाकूड." रस्त्यावरून बघितलं तर हो. खिडकीपाशी उभं राहून कोपरा बघा. सुतार चौकट करतो तेव्हा आडवी पट्टी उभ्या पट्टीला काटकोनात भिडते. एकीच्या रेषा आडव्या, दुसरीच्या उभ्या, आणि मधे सांध्याची बारीक सरळ रेघ. प्लास्टिकची पट्टी बहुधा 45 अंशांत कापून, तापवून, दुसऱ्या पट्टीला वितळवून जोडतात. जोडावर आलेला फुगवटा तासला की खालचं प्लास्टिक उघडं पडतं, मग त्यावरून रंगाचं पेन फिरवतात. त्यामुळे चारही कोपऱ्यांत लाकडाच्या रेषा एका तिरप्या रेघेवर येऊन थांबतात. लाकडाचा छाप उमटवणारा रूळ गोल असल्यामुळे तीच गाठ ठरावीक अंतरावर पुन्हा भेटते. झडप उघडून खाचेत डोकावलं तर कित्येकदा आत पांढरं प्लास्टिक दिसतं. हल्ली काटकोनी जोडाच्या आणि आतूनही तपकिरी असलेल्या खिडक्या मिळतात, त्या बऱ्याच बऱ्या दिसतात. नमुन्याचा तुकडा हातात देतात, त्यात मात्र कोपरा नसतो. कोपरा मागून घ्या.

"देखभाल शून्य." इथे जरा थांबायला हवं.

लाकडाचा हा मुलामा म्हणजे एक पन्नी, ती साधारण मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याइतकी जाड असते. छापील थर, त्यावर ऊन सोसणारा पारदर्शक थर, आणि सगळं गोंदाने प्रोफाइलवर, म्हणजे खिडकीच्या प्लास्टिकच्या पट्टीवर, चिकटवलेलं. चांगल्या प्रतीची पन्नी बरीच वर्षं टिकते, यात वाद नाही. प्रश्न रंगाचा आहे. पांढरा पृष्ठभाग बरंचसं ऊन परतवतो, तर गडद अक्रोडी रंग ते पिऊन घेतो आणि कडक उन्हात 70 अंश सेल्सिअसच्या आसपास तापू शकतो. पीव्हीसी 80 अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं, म्हणजे फार अंतर उरलं नाही. शिवाय ते तापलं की चांगलंच वाढतं, दर मीटरला दर अंशामागे सुमारे 0.07 मिलिमीटर. दीड मीटरची पट्टी 40 अंशांनी तापली तर मोकळी असताना चार मिलिमीटरच्या वर लांब होईल. प्रत्यक्षात ती मोकळी नसते, आत लोखंडी पट्टी असते. बाहेरची बाजू तापलेली आणि आतली थंड असली की ती बाहेरच्या अंगाला बाक धरते. दुपारी कडी नीट बसत नाही आणि संध्याकाळी आपोआप बसते, ही तक्रार असली तर आधी हे कारण तपासावं. म्हणूनच बहुतेक उत्पादक रंगीत प्रोफाइलसाठी भिंतीशी जास्त फट ठेवायला आणि आत लोखंड घालायला सांगतात. उष्णता परतवणाऱ्या खास पन्न्याही निघाल्या आहेत. प्रश्न नसता तर त्या कशाला निघाल्या असत्या?

आता ओरखडा पडला, कड सुटली किंवा रंग विटला तर काय? छोट्या ओरखड्यावर पेन चालतं. त्यापुढे हातात फारसं काही नाही. पॉलिशकागद मारावा तर छापच निघून जातो. वितळवून जोडलेल्या चौकटीतली एकच पट्टी काढून बदलता येत नाही, पूर्ण झडप किंवा चौकटच बदलावी लागते. तोवर तो नमुना बंद झाला असेल तर शेजारच्या खिडकीशी रंग जुळणार नाही. बिजागऱ्या, रबरी पट्ट्या, रुळावरची चाकं तर प्लास्टिकच्या खिडकीलाही असतात आणि तीही झिजतात. तेव्हा देखभाल कमी म्हणा, शून्य नको. आणि ही कमी देखभाल पन्नीमुळे नाही, पांढऱ्या खिडकीलाही ती तितकीच कमी लागते.

"लाकूड कुजतं, फुगतं, वाळवी लागते." हो, तिन्ही गोष्टी होतात. पण कधी होतात, हे मजकुरात नाही. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओल लागते. लाकडातला ओलावा 20 टक्क्यांच्या खाली राहिला तर तिचं काही चालत नाही. जपानमधल्या नारा भागातलं होर्यूजी हे लाकडी मंदिर तेराशे वर्षांच्या घरात उभं आहे. त्याची छपरं खोल पुढे आलेली आहेत आणि त्याची दुरुस्ती पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहे, ही दोन्ही कारणं खिडकीलाही तशीच लागू पडतात.

खिडकी कुजते ती बहुतेक वेळा एकाच जागी, झडपेच्या खालच्या आडव्या पट्टीच्या टोकांना. लाकडाच्या नळ्या टोकाला उघड्या असतात आणि तिथून पाणी बाजूच्या अंगापेक्षा कितीतरी पट वेगाने शिरतं. रंगारी समोरची बाजू चकचकीत करतो आणि झडपेची खालची कड, जी कुणाला दिसत नाही, ती कोरी सोडतो. लाकडी खिडकी घेणार असाल तर झडप बसवण्याआधी खालच्या कडेवरून बोट फिरवून बघा. कोरं लाकूड हाताला लागलं तर काम परत पाठवा. उंबऱ्याच्या खालच्या अंगाला पाणी तोडणारी बारीक खाच आहे का, तेही बघा. नसेल तर पाणी तिथेच न गळता मागे भिंतीकडे सरकतं.

फुगण्याचा मुद्दा मात्र मजकुराच्या बाजूचा. तापमानाने लाकूड लांबीत नावापुरतं हलतं, पण हवेतल्या ओलाव्याने रुंदीत फुगतं. नीट न वाळवलेल्या लाकडाची झडप दमट हवेत अडणारच. वाळवीचंही तसंच. सागाचं गाभ्याचं लाकूड तिला दाद देत नाही, बाहेरचं पांढरट लाकूड देतं, आणि लवकर तोडलेल्या कोवळ्या सागात पांढरट भाग जास्त असतो. "साग आहे" एवढ्या बोलण्यावर विसंबू नये, पट्टी कापलेली बघावी.

पण बिघडलेल्या लाकडाचं काय करता येतं ते बघा. अडलेल्या झडपेवर रंधा मारला की ती मोकळी होते. कुजलेलं टोक पटाशीने काढून नवा तुकडा जोडता येतो. रंग उडाला तर घासून पुन्हा देता येतो. भर उन्हापावसातल्या खिडकीला हे काही वर्षांनी करावंच लागतं, छज्ज्याखालच्या खिडकीला बरंच उशिरा. हे करायला माणूस मिळणार नसेल किंवा तुमचा तसा स्वभावच नसेल, तर लाकूड घेऊ नका. न्हाणीघराच्या खिडकीला तर मीही पांढरी यूपीव्हीसीच सुचवीन.

"उष्णता आणि आवाज बाहेर." लाकूड आणि पीव्हीसी दोन्हींतून उष्णता जवळजवळ सारखीच कमी वाहते. ॲल्युमिनियमशी तुलना केली तर हा दावा शोभतो, लाकडाशी केली तर नाही. खिडकीचा बहुतेक भाग काचेचा असतो. आवाज अडतो तो काचेची जाडी, दोन काचांमधलं अंतर आणि फटींवरची रबरं यांच्यामुळे. चांगली दुहेरी काच लाकडी चौकटीतही बसते.

"झाडं वाचतात." पीव्हीसीच्या वजनात सुमारे 57 टक्के क्लोरीन असतं, ते मिठातून येतं. उरलेला भाग बहुतेक करून खनिज तेल किंवा वायूतून. त्याचा पुनर्वापर होतो, पण आधी लोखंड, रबर आणि पन्नी वेगळी करावी लागते. वाळलेल्या लाकडाच्या वजनाचा निम्मा भाग कार्बन असतो, आणि खिडकी टिकेल तोवर तो तिथेच अडकून राहतो. जंगल ओरबाडून आणलेल्या सागाचं समर्थन कुणी करू नये. पण लावून, तोडून, पुन्हा लावलेल्या झाडाचं लाकूड वापरल्याने जंगल संपत नाही.

राहिली "आयुष्यभराची हमी". हमीपत्र पूर्ण वाचा. प्रोफाइल, पन्नी, दुहेरी काच आणि कड्या-बिजागऱ्या यांच्या मुदती बहुधा वेगवेगळ्या असतात, आणि आयुष्य नेमकं कशाचं धरलंय ते बारीक अक्षरात असतं. पन्नीचा रंग विटणं हमीत धरलंय का, गडद रंग आणि थेट ऊन यांचा अपवाद केलाय का, आणि दहा वर्षांनी हाच नमुना नसेल तर बदलून काय देणार, याची उत्तरं विक्रेत्याकडून लेखी घ्या.