उसाची ट्रॉली किती लांबून दिसते?

साताऱ्यात पोवई नाक्याजवळच्या कट्ट्यावर वादाला तोंड फुटलं ते अण्णांमुळं. "उसाचे ट्रॅक्टर रात्री हायवेवर येऊच देऊ नयेत."

"मग ऊस न्यायचा कुठून?" तात्या उसळले. "फड एका अंगाला, कारखाना दुसऱ्या अंगाला. सेवा रस्ता ओढ्याच्या पुलापाशी संपला की ट्रॅक्टरला मुख्य रस्त्यावर चढावंच लागतं. हा हायवे, तेव्हाचा एनएच ४, दुपदरी होता तेव्हा सगळेच सावकाश जायचे. सुवर्ण चतुष्कोनात चौपदरी झाला, पुढं नंबर बदलून ४८ झाला, गाड्या ८०-१०० नं धावायला लागल्या. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर मात्र अजून २० नंच चालतो."

संदीपनं सरळ हिशोबच मांडला. "८० चा वेग म्हणजे सेकंदाला २२ मीटर. डोळ्यांनी बघून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरा, तेवढ्यात ३३ मीटर गेले. कोरड्या रस्त्यावर चांगल्या कारला थांबायला आणखी ३५. झाले जवळपास ७०. आणि डिपरवर, म्हणजे दिवे खाली केल्यावर, दिसतं ४०-५० मीटर. ट्रॉली २० नं पुढं सरकत असेल तर ४५ मीटरात कसंबसं निभावतं. टायर फुटून नाहीतर एक्सल तुटून उभी असेल, तर नाही. भरलेल्या ट्रकला तर त्याहून जास्त अंतर लागतं."

"म्हणजे गाड्या हळू चालवा," तात्या म्हणाले.

"डिपरवर ६० ठेवला तर तेवढ्याच ४५ मीटरात गाडी उभी राहते, हे खरं. पण प्रत्येक जण ६० नं जाईल यावर ट्रॉलीवाल्यानं विसंबून राहू नये."

वायरिंगची कामं करणारे इकबालभाई इतका वेळ ऐकत होते. "ट्रॉलीला टेललाइट असतो हो. ट्रॅक्टरकडून येणारी वायर जोडावर तुटते, नाहीतर पिन गंजते. दिवा लागला तरी मोळ्यांचं वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, मागं लोंबून त्याला झाकतं. म्हणून उजेड पडला की चमकणारी टेप हवी. पुढं पांढरी, बाजूला पिवळी, मागं लाल. मागची फळीच्या दोन्ही टोकांना लावायची, म्हणजे रुंदी कळते. मधोमध एकच तुकडा लावला तर लांबून मोटारसायकल वाटते. आणि चिखलानं माखलेली टेप चमकत नाही, फडातून निघताना ओलं फडकं मारायचं."

"बंद पडल्यावर?"

"दगड आणि फांद्या ठेवतात, त्या १० पावलांवर. त्यांचा काय उपयोग? चमकणारा त्रिकोण १०० मीटर मागं ठेवायचा आणि हायवेच्या मदतीच्या १०३३ नंबरला फोन करायचा. निघताना दगड उचलायचे, ते रस्त्यात राहिले की पहाटे दुचाकीवाला पडतो."

अण्णा थोडे नमले. "पण टेपेचा खर्च कुणी करायचा? कारखान्यानं की मालकानं?"

"ऊस टाकायच्या गव्हाणीवर ट्रॉली रिकामी करण्याआधी कारखान्यानंच तपासावी," संदीप म्हणाला. "टेप नसेल तर तिथंच लावून घ्यावी, बिलातून पैसे कापावेत."

"कापायचे ते वाहतूकदाराचे," तात्या म्हणाले, "शेतकऱ्याचे नाहीत." त्यावरून पुन्हा आवाज चढले.