आणीबाणीची पिशवी

आपत्ती सांगून येत नाही, म्हणून आपणच तयार असावं, असं एका रात्री मनानं घेतलं. सुरुवात पाण्यापासून. माणशी रोज साधारण 4 लिटर, निदान 3 दिवसांचं साठवावं असं जाणकार सांगतात. आम्ही चौघं. हिशेब आला 48 लिटर, म्हणजे 48 किलो. घर सोडून पळायची वेळ आली तर हे कोण उचलणार, असं मी विचारलं आणि तीन नजरा माझ्यावर खिळल्या. मला जिना चढताना स्वतःचंच वजन झेपत नाही! पाणी पलंगाखाली सरकवलं आणि विषय संपवला.

मग पिशवी भरली. टॉर्च आणि सेल वेगवेगळे, कारण आत पडून राहिले की सेल गळतात आणि ऐन वेळी टॉर्च मेलेला असतो. रेडिओ, मलमपट्टी, औषधं, कागदपत्रांच्या झेरॉक्स आणि एक शिट्टी. ढिगाऱ्याखाली ओरडून घसा बसतो, शिट्टी मात्र लांबवर जाते. तीनदा वाजवली की समजायचं, मदत हवी आहे. भूकंपात टेबलाखाली शिरून पाय घट्ट धरायचा, याचाही सराव केला. शिरलो झोकात, निघताना कंबर धरली. तिघांनी मिळून बाहेर ओढलं. तेवढाच बचावकार्याचाही सराव झाला.

पिशवी दाराजवळच्या खुंटीला टांगली. तिच्यावर संकटं आली ती मात्र भलतीच. शेवटच्या षटकात रिमोटचे सेल संपले. “बाबा, याला आणीबाणी नाही तर काय म्हणायचं?” चिरंजीवांच्या या प्रश्नावर मला उत्तर सुचलं नाही. नवी चप्पल चावली म्हणून पट्ट्या गेल्या. माळ्यावरचा खोका शोधायला टॉर्च गेला, तो तिथंच राहिला. रेडिओ कोणी नेला, यावर मी बराच आरडाओरडा केला. तो माझ्याच उशाशी सापडला. असो.

आणि परवा मध्यरात्री वीज गेली. काळाकुट्ट अंधार. मी मनातून जरा खूशच झालो, खोटं कशाला बोला! चाचपडत पिशवी गाठली, हात घातला. हाताला लागली सामानाची यादी, जी अंधारात वाचता येईना, आणि शिट्टी.

नियमाप्रमाणे तीनदा वाजवली.

आतून सौभाग्यवतींचा झोपाळलेला आवाज आला, “तीन झाल्या. गॅस बंद करा.”