सुधाभाऊचं सनरूफ आणि गेटची उधारी

"वरच्या मॉडेलचे पैसे देऊन छपराले भोक पाडून घेतलं, आन् आता ते बुजवाले आनखी पैसे?" टपरीवर गज्या वेल्डरनं तोंडातला सुपारी-तंबाखूचा खर्रा एका गालातून दुसऱ्यात सारला.

सुधाभाऊ वणीहून गाडीच्या सनरूफवर, म्हणजे छपरातल्या काचेवर, फिल्म चिकटवून देणाऱ्याचा भाव काढून आला होता. मे महिन्यात वणी-मारेगाव रोडवर ती गाडी चालवणं म्हणजे डोक्यावर तवा घेऊन बसणं, हे त्याचंच म्हणणं. सनरूफचा हट्ट पोराचा. वरातीत वर उभं राहाचं होतं म्हने.

"काळी कुच्च मारतो," सुधाभाऊ म्हणाला. झालं! गुर्जींचं बोट वर गेलं. रिटायर झाले, पण बोट अजून नोकरीवरच आहे.

"२७ एप्रिल २०१२! सर्वोच्च न्यायालय! काळी फिल्म बंद! मोटार वाहन नियम क्रमांक १००! पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के उजेड, बाजूच्या काचेतून ५० टक्के!"

"बराबर हाये गुर्जी," गज्या म्हणाला, "पन टपाची काच यात पुढची का बाजूची?"

गुर्जी थांबले. बोट मात्र वरच.

"वरून कोन पाह्यते जी? ट्रॅफिकवाला का बाभळीवर बसते?"

बबननं मध्ये तोंड घातलं, "केरळच्या हायकोर्टानं २०२४ मंदी सांगतलं ना बे, टक्क्यात बसनारी फिल्म चालते म्हनून."

"केरळ वणी तालुक्यात येतं का?" गुर्जी. यावर काय बोलणार? गुर्जींनी भूगोलच शिकवला आयुष्यभर.

गज्याचं म्हणणं मला पटलं, म्हणून नीट लिहितो. "सुधाभाऊ, काळी म्हंजे थंडी असं नाई. उन्हातली निम्म्याच्या वर गरमी डोयाले दिसतच नाई. साधी काळी फिल्म उजेड अडवते अन् गरमी सोताच पिऊन घेते. काच तापते, धग तुह्याच टकलावर. लावाचीच तं सिरॅमिक लाव. रंगानं फिक्की दिसते, पैसे जास्त लागते, पन इन्फ्रारेड, म्हंजे तीच न दिसनारी गरमी, अडवते. अन् आधी पाह्य, काच लॅमिनेटेड, म्हंजे दोन काचा चिकटवलेली, तं नाई? मधात ऊन, कडा रबराखाली सावलीत. मधली फुगते, कडेची फुगत नाई, अन् तडकते. मंग गॅरंटीवाला म्हनते, फिल्म कोनं लावली?"

"अन् कडेपासून जराशी आत कापाले सांग," बबन म्हणाला. "नाईतं काच सरकवली का रबरात घासून निंघते."

"आपल्या रोडवर तसंही फिल्म कायले पाह्यजे?" गज्या. "कोळशाचे ट्रक हायेत ना. दोन म्हैने धुवू नोको, काच आपोआप काळी. पावसाळ्यात मात्र सनरूफच्या कोपऱ्यातल्या पानी जाच्या नळ्या साफ कर, नाईतं तेच कोळशाचं पानी सीटवर येईन."

सुधाभाऊ चिडला. "तू फिल्मचं सांगू नोको बे! शेततळ्याची पन्नी तूच लावली होती. एका उन्हाळ्यात चिंधड्या!"

"पन्नी डुकरानं फाडली."

"डुक्कर आलं कुठून? तुह्या गेटातून! एका धक्क्यात आडवं झालं."

"त्या गेटचे पैसे दिले का तुनं?" गज्या शांतपणे म्हणाला. "डुकरालेबी समजलं, उधारीचं हाये."

टपरीवाल्याच्या हातातली पन्नी निसटली, घोटलेली सुपारी सांडली. गुर्जीसुद्धा हसले, म्हणजे खोकले.

हसू ओसरल्यावर बबननं विचारलं, "सुधाभाऊ, त्या काचेखाली सरकवाचा पडदा नाई का? कंपनीच देते ना?"

"हाये ना."

"मंग?"

"पोरगं लावू देत नाई. आभाळ दिसत नाई म्हन्ते."

"त्याले म्हना, वावरात चाल," गज्या म्हणाला. "सोयाबीन निंदाले आला का दिवसभर आभाळच आभाळ. फुकट!"

"पडद्याच्या बाबतीतही न्यायालयाने..." गुर्जींनी सुरू केलं, पण तोवर खर्र्याचे पैसे कोण देणार यावर गलका झाला होता. शेवटी सुधाभाऊनंच दिले.

"गज्या, हे गेटच्या हिशोबात धरजो."